नोर्ग्येलिंग : जन्म भंडाऱ्याचा, निकाल दिल्लीचा

जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि प्रतापगडजवळची तिबेटी वसाहत, ही दोन नावं भंडाऱ्यात सहसा कोणी एका दमात घेत नाही. पण दोन्हींचा धागा हिमालयाच्या उत्तरेला जाऊन मिळतो. १९६२च्या चीन युद्धानंतर दारूगोळ्याची निकड देशाला उमगली आणि त्या दशकात भंडाऱ्याजवळ निर्माणी व तिच्याभोवतीचं जवाहरनगर उभं राहिलं. त्याआधी, १९५९मध्ये, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी कुटुंबं. त्यांतल्या काहींना १९७२मध्ये याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, गोठणगाव-प्रतापगड भागात जमीन मिळाली. हा प्रतापगड साताऱ्याचा नव्हे, झाडीपट्टीतला, महाशिवरात्रीच्या यात्रेचा. वसाहतीचं नाव नोर्ग्येलिंग. महाराष्ट्रातली ही एकुलती एक तिबेटी शेतवसाहत.

१ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला. तरी तिबेटी लोकांच्या तोंडी ही वसाहत आजही ‘भंडारा’च आहे.

थंड पठारावरची ही माणसं इटियाडोह धरणाच्या शेजारी, विदर्भाच्या उन्हाळ्यात कशी तगली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. धान लावायला ती शिकली. धान निघालं की स्वेटरांचे गठ्ठे घेऊन शहरं गाठायची, हिवाळाभर विक्री करायची आणि परत यायचं, हा क्रम तिबेटी वसाहतींतल्या कित्येक घरांनी वर्षानुवर्षं पाळला. नागपुरात थंडीत भरणाऱ्या तिबेटी बाजारातून स्वेटर घेतला नाही असं घर आमच्याकडे विरळा.

पोटाचा प्रश्न सुटत गेला, कागदाचा मात्र सुटला नाही. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे आपल्याकडे आश्रयाचा दावा ऐकणारं न्यायाधिकरण नाही, आणि फेटाळलेल्या दाव्यावर अपील कुठे करायचं याची ठरलेली वाटही नाही. कायद्याच्या नजरेत निर्वासित हा निव्वळ परदेशी. तिबेटी माणसाच्या हाती येतं ते नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ‘आरसी’. ते मुदतीत नूतन करायचं, नाहीतर राहणंच बेकायदा. परदेशी जायचं तर पासपोर्टाऐवजी पिवळ्या रंगाचं ओळखपत्र.

कायदा नाही म्हणून माणूस उघडा पडू नये, याची काळजी जमेल तशी न्यायालयांनी घेतली. १९९४मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका इराणी निर्वासिताचं प्रकरण आलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांनी मान्यता दिलेल्या माणसाला इराणला परत धाडण्याचा प्रश्नच येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. १९९६मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की राज्यघटनेच्या २१व्या कलमाचं संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. पण प्रत्येक न्यायालयाचा कल सारखा नसतो. ८ एप्रिल २०२१ला जम्मूतल्या रोहिंग्यांना त्याच सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. रिट याचिकेवर असं भागवावं लागणं हे आपल्या कायद्याचं मोठं न्यून आहे, आणि ते आता भरून काढायला हवं.

नोर्ग्येलिंगच्या दृष्टीने कलाटणी देणारी तारीख २२ डिसेंबर २०१०. नामग्याल डोलकर या तरुणीचा पासपोर्टचा अर्ज परराष्ट्र मंत्रालयाने फेटाळला होता. कारण एवढंच, की तिने पूर्वी कागदावर राष्ट्रीयत्व ‘तिबेटी’ लिहिलं होतं. तिचा जन्म १९८६चा, हिमाचलातला. नागरिकत्व कायदा, १९५५ सांगतो, की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. आईबाप कोण, हे तिथे विचारलं जात नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. ‘तिबेटी’ लिहिल्याने जन्मसिद्ध नागरिकत्व सुटत नाही, असा निर्वाळा दिला आणि नकार रद्द केला.

आता १ जुलै १९८७ ही तारीख वसाहतीच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. वसाहत १९७२ची, कायद्यातली मर्यादा १९८७ची. मधल्या पंधरा वर्षांत इथे जन्मलेलं प्रत्येक मूल जन्मापासून भारतीय होतं, आणि वयाची तिशी उलटली तरी परदेशी म्हणून नोंदणी नूतन करत राहिलं. १९८७नंतरच्यांसाठी कायद्याने आईबापांपैकी एकजण नागरिक असण्याची अट घातली. म्हणजे आईचा हक्क मान्य झाला, की १९९५मध्ये जन्मलेल्या लेकाचाही होतो.

दिल्लीच्या निकालाचे पडसाद कॅनडात वेगळेच उमटले. तिथे आश्रय मागणाऱ्याचा दावा निर्वासित मंडळापुढे चालतो. फेटाळला तर पुढे अपील आणि न्यायालयीन फेरविचार अशी पायऱ्यांची व्यवस्था आहे. भारतात जन्मलेल्या एका तिबेटी माणसाचं प्रकरण संघीय अपील न्यायालयापर्यंत पोहोचलं. कॅनडा सरकारचा मुद्दा असा, की भारतीय कायद्याने हा भारतीय नागरिकच आहे. मग त्याने भारताचं संरक्षण घ्यावं, आमच्याकडे आश्रय कशाला? भारतातली पासपोर्ट कार्यालयं निकालानंतरही तिबेट्यांना परत पाठवतात, हे त्या तिबेटी माणसाचं म्हणणं. जून २०१६मध्ये बहुमताने त्याचं अपील फेटाळलं गेलं. अडथळा मोठा आहे हे दाखवा आणि तो दूर करायला तुम्ही रास्त प्रयत्न केलेत हेही दाखवा, अशी कसोटी न्यायालयाने घातली. एका न्यायाधीशाने वेगळं मत नोंदवलं.

मला या निकालातलं हे ओझं जाचक वाटतं. इथला कारकून म्हणतो, तू तिबेटी. तिथला न्यायाधीश म्हणतो, तू भारतीय. दोघांच्या नकारात माणूस मात्र एकच. चार महिन्यांच्या आतच, २२ सप्टेंबर २०१६ला, दिल्ली उच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की अशा तिबेट्यांना नागरिक मानून पासपोर्ट द्या. अडथळा खरा होता, हे सांगायला आणखी कुठला पुरावा लागतो?

२०१७मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट देण्याचं मान्य केलं, पण अटींसह. आरसी आणि ओळखपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, आणि नेमून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहू नका. नोर्ग्येलिंगमध्ये या शेवटच्या अटीचा अर्थ असा होता, की बापाने जंगलाच्या कडेला उभं केलेलं घर आणि त्याने कसलेलं धानाचं शेत, दोन्ही सोडा, मग पासपोर्ट. जन्माने मिळालेल्या हक्काला घर सोडण्याची किंमत लावणं मला मुळातच अन्यायाचं वाटतं. म्हणूनच हक्क असूनही बरेच तिबेटी आरसीच धरून राहिले, याचं मला नवल वाटत नाही. म्हाताऱ्या आईला वसाहतीत ठेवून मुलाने बाहेर भाड्याची खोली कशी घ्यावी?

सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांसंबंधीचे जुने कायदे जाऊन आप्रवास आणि परदेशी नागरिकांसंबंधीचा एकच नवा कायदा लागू झाला. आश्रयाची व्याख्या त्यातही नाही. दिल्लीत ती कधी व्हायची तेव्हा होवो; तालुक्याच्या पातळीवर एक काम आजही होण्यासारखं आहे. सारा हक्क जन्माच्या तारखेवर आणि ठिकाणावर उभा आहे. घरी बाळंतपण झालेल्या आणि नोंद राहून गेलेल्या माणसापाशी जन्मदाखलाच नसेल, तर उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या काय कामाचा? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १३व्या कलमात उशिरा नोंदीची सोय आहे, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापेक्षा जुन्या जन्माची खातरजमा करून नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. अर्जुनी मोरगावला महसूल आणि पंचायत खात्यांनी मिळून वसाहतीत एक शिबिर लावावं, १९७२पासूनच्या जन्मांच्या राहिलेल्या नोंदी तपासाव्यात आणि दाखले हाती द्यावेत. साक्ष देऊ शकणारी पिढी, म्हणजे त्या बाळंतपणांच्या वेळी हजर असलेल्या आज्या, आज ऐंशीच्या घरात आहे.