युद्धपटातील चेहरे : 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आणि 'हकीकत'

युद्धपट इतिहासाचे साधन म्हणून वापरताना आपण सहसा घटना तपासतो: लढाई कुठे झाली, तारीख बरोबर आहे का. या टिपणात तुम्ही आणखी एक गोष्ट तपासायची आहे. पडद्यावर जो समाज दाखवला, त्याची भूमिका कोणी केली आणि कथेत त्याला कोणते काम दिले?

पहिले उदाहरण सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचे. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. कोटणीस त्यात होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही. बाकीचे परतले, कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले. १९४१ मध्ये त्यांनी गुओ चिंगलान या चिनी परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये हा चित्रपट काढला. चीन तेव्हा ब्रिटनचा मित्रदेश असल्याने जपानविरोधी कथेला सरकारची आडकाठी असण्याचे कारण नव्हते, आणि काँग्रेसच्या पथकाची कथा म्हणून ती राष्ट्रीय चळवळीलाही जवळची होती.

कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. गुओ चिंगलान झाल्या जयश्री, म्हणजे शांताराम यांच्या पत्नी. यात चिनी लोकांविषयी तुच्छता होती असे म्हणता येणार नाही. उलट चिनी स्त्रीला नायिकेचा मान मिळाला, आणि नायिका म्हटली की त्या काळी ओळखीची तारकाच हवी. पण परिणाम पाहा. भारत-चीन मैत्रीचा हा चित्रपट, आणि त्यातली मुख्य चिनी व्यक्ती वेशभूषा-रंगभूषेने उभी केलेली.

हॉलिवूड याहून वेगळे नव्हते. 'ड्रॅगन सीड' (१९४४) हाही जपानी आक्रमणावरचाच चित्रपट. त्यात चिनी शेतकरी घरातली सून कॅथरिन हेपबर्न झाली.

आता १९६४ कडे या. चेतन आनंद यांच्या 'हकीकत'मध्ये १९६२ चे युद्ध आहे, म्हणजे चीन आता शत्रू. चित्रीकरण लडाखमध्ये झाले. डोंगर, थंडी, वाटा सारे खरे. लडाखी तरुणी आंगमो मात्र प्रिया राजवंश यांनी साकारली. ती कॅप्टन बहादूर सिंगच्या (धर्मेंद्र) प्रेमात पडते आणि त्याच्यासोबत लढताना मरते. तिला शौर्य दिले आहे, हे मान्य करायला हवे. तरी कथा फिरते ती मैदानी प्रदेशातून आलेल्या अधिकाऱ्यांभोवती. लडाखी माणूस तिथला रहिवासी म्हणून येतो, लष्कराचा जवान म्हणून जवळजवळ नाहीच.

प्रत्यक्षात लडाखी जवान १९६२ मध्ये जम्मू-काश्मीर मिलिशियात होते आणि त्या सीमेवर लढले. त्यांच्याच तुकड्यांतून १९६३ मध्ये लडाख स्काउट्स उभे राहिले. 'हकीकत' आला तो त्याच्या पुढच्याच वर्षी.