कौलारू छप्पर : आयुष्य व सुरक्षितता (कळमनुरी परिसर)

कौलारू छप्पर : भाजलेल्या मातीची कौले लाकडी वासे व रिपांवर उतरत्या पाख्यांत रचून केलेले आच्छादन. मराठवाड्यात मातीचे माळवद आणि कुंभाराची नळीची कौले ही जुनी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यावर खाचेत खाच बसणारी मंगळुरी कौले पुढे दूरवर पसरली. कौल किती वर्षे टिकते, हा प्रश्न बहुधा चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. थंड देशांत कौलात मुरलेले पाणी गोठते, फुगते आणि त्याचे पापुद्रे काढते. कळमनुरीच्या हवेत पाणी गोठत नाही, त्यामुळे नीट भाजलेले कौल येथे दोन-तीन पिढ्या सहज काढते. दोष असलाच तर तो भट्टीतून येतो. या भागातील काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांची चुनकळी होते, पहिल्या पावसात ती फुलते आणि कौलावरून रुपयाएवढी खपली उडते. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. कच्चे भाजलेले कौल बोटाने वाजवले तर बद्द आवाज देते, पक्के खणखणते. घेणाऱ्याने एवढी परीक्षा करावीच.

कौल टिकते, आधी जाते ते त्याखालचे लाकूड. एक कौल सरकले की पाणी रिपेवर ठिबकते, रीप कुजते, वाळवी भिंतीतून वाशाच्या टोकाशी पोहोचते आणि पाख्याला झोळ पडतो. झोळ पडला की खाचा सुटतात व गळती वाढते. मृगापूर्वी कौले परतण्याची रीत म्हणजे म्हणूनच छपराची खरी देखभाल. वानरांच्या टोळ्या आणि गारा कौले फोडतात, हा आक्षेप खोटा नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. पण फुटलेले कौल एकेक करून बदलता येते. अडचण वेगळीच आहे : परतणारे हात कमी झाले आणि जुन्या मापाची कौले मिळेनात.

सुरक्षिततेचा प्रश्न या तालुक्यात नुसता पुस्तकी राहिलेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात सकाळी काही मिनिटांच्या अंतराने ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलैच्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याचा केंद्रबिंदू तर कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात नोंदला गेला. डोक्यावर कौले पडतील, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरच्या माळवदाच्या भाराखाली. रिपांसकट मंगळुरी कौलांचा भार चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरतात. अर्धा मीटर जाडीच्या मातीचा ८०० किलोंच्या घरात जातो. पत्रा कौलाहून कितीतरी हलका, हे मान्यच. नीट आवळलेला पत्रा भूकंपात कौलापेक्षा बरा ठरतो. मात्र तो न आवळता वावटळीत उडू नये म्हणून त्यावर धोंडे ठेवतात, आणि मार्चच्या धक्क्यांनंतर हेच धोंडे काढण्याचे आवाहन प्रशासनाला करावे लागले. हलक्या छपरावर स्वतःच्या हाताने ठेवलेला तो धोका होय. शिवाय उन्हाळ्यात पत्र्याखालचा उकाडा रोज सोसावा लागतो, तो वेगळाच.

तरीही कौलारू घर आपोआप सुरक्षित होत नाही. वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर हादऱ्यात ते घसरतात. उतरत्या छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो, आणि काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याने त्या भिंतींना आधीच तडे गेलेले असतात. चारही भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा, त्यात जखडलेले वासे, समोरासमोरचे वासे जोडणारी आडवी तुळई आणि वळचणीच्या व आढ्याजवळच्या ओळींतील कौलांना रिपेशी तारेचा वेढा, एवढ्या गोष्टी आधी हव्यात. त्रिकोणी कुडाचा वरचा भाग दगडाऐवजी लाकडी फळ्यांचा किंवा पत्र्याचा करावा, कारण धक्क्यात बहुधा तोच आधी सुटतो.