आवडीला हुकूम चालत नाही

एक गंमत सांगून सुरुवात करतो. १९५५ साली पु. ल. देशपांडे नभोवाणीच्या नोकरीत शिरले. त्याआधी दोनच वर्षे त्यांचा ‘गुळाचा गणपती’ पडद्यावर आला होता. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि वर नायकाचे काम, सगळे एकट्याचे. भीमसेन जोशींनी गायलेले ‘इंद्रायणी काठी’ याच चित्रपटातले, आणि त्याची चाल पु. लं.ची. बाजाची पेटी तर लहानपणापासून त्यांचा जीव की प्राण. आणि असा हा पेटीवेडा माणूस नोकरीला लागला तो नेमका अशा ठिकाणी, जिथे पेटीला मज्जाव होता!

आज हे ऐकताना खोटे वाटेल, पण १ मार्च १९४० पासून देशातल्या सगळ्या नभोवाणी केंद्रांवर पेटीला बंदी होती. ती अंशतः उठली १९७१ साली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ मोठमोठे गवई नभोवाणीवर गायले ते सारंगीच्या नाहीतर व्हायोलिनच्या साथीने. मैफलीत मात्र त्यांच्याच शेजारी पेटीवाला मांडी ठोकून बसलेला असे.

पेटीवरचा आक्षेप अगदीच पोकळ होता असेही नाही. ती आली परदेशातून. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचे पेटंट घेतले गेले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचे पाय काढून टाकले, भाता मागे लावला आणि एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या अशी ती आपल्या बैठकीत आणली. पण तिचे सूर जिन्याच्या पायऱ्यांसारखे, सुटे सुटे. एका पायरीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. गवयाचा गळा एका सुरातून दुसऱ्यात अलगद घसरत जातो, ती मींड पेटीतून निघत नाही. श्रुतींचे बारकावेही तिच्या ठरीव पट्ट्यांत मावत नाहीत. हे सगळे खरेच आहे.

आणि आक्षेप घेणारी माणसेही लहानसहान नव्हती. बंदीच्या आधी, जानेवारी १९४० मध्ये, कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हद्दपार करा असे सांगणारे गृहस्थ होते खुद्द रवींद्रनाथ ठाकूर. पंडित नेहरूंनाही पेटी आवडत नसे, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. गंमत पुढेच आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. भारतीय दूरचित्रवाणीवर नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान मिळाला तो पु. लं.ना. आणि ज्या रवींद्रनाथांनी पेटीला दार दाखवले, त्यांच्या पायाशी बसायला पु. ल. पन्नाशीत शांतिनिकेतनला जाऊन राहिले. पेटी सोडली नाही, आणि रवींद्रनाथही सोडले नाहीत.

आवड ही अशीच असते. ती दुसऱ्या आवडीशी पटतेच असे नाही. एकाच घरात दोन भांडखोर भावंडे गुण्यागोविंदाने नांदावीत, तशा परस्परविरोधी आवडी एका माणसात नांदतात.

त्या काळाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी खाते होते डॉ. बा. वि. केसकरांकडे. माणूस मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचा कळकळीचा अभिमानी. लोकांची अभिरुची सुधारली पाहिजे असे त्यांना मनापासून वाटे. चित्रपटगीते त्यांना सवंग वाटत. त्यांच्या कारकीर्दीत नभोवाणीवरची सिनेमाची गाणी कमी होत गेली आणि १९५२ मध्ये निर्मात्यांशी बेबनाव होऊन जवळजवळ बंदच पडली. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे ऋण मोठे आहे. ज्या गावात कधी मैफल झाली नव्हती, तिथल्या शाळामास्तरालाही घरबसल्या थोर गवई ऐकायला मिळू लागले.

पण सिनेमाची गाणी बंद केली म्हणून लोकांनी ख्याल ऐकायला सुरुवात केली का? छे! त्यांनी रेडिओची कळ फिरवली आणि सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता सारा देश अमीन सयानींच्या आवाजाभोवती गोळा होऊ लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आपल्या नभोवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. हुकुमाने गाणे बंद करता येते, आवड बंद करता येत नाही. आणि हुकुमाने आवड निर्माण तर मुळीच करता येत नाही.

मग आवड वाढते कशी? याचे उत्तर त्याच नभोवाणीत नोकरी करणाऱ्या या पेटीवाल्याच्या आयुष्यात सापडते. पु. लं.नी कोणाला काय आवडावे हे सांगितले नाही. मला हे आवडले, एवढेच ते आयुष्यभर सांगत राहिले. पण ते सांगणे असे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे.

विनोदाचेच घ्या. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी यांची परंपरा त्यांना मिळाली होती आणि तिचे ऋण ते उघडपणे मानत. इंग्रजीतल्या वुडहाऊसवर त्यांचे प्रेम. पण त्याच प्रेमाने ते तमाशाकडेही पाहत. पांढरपेशा घरांत तमाशाचे नाव काढायची चोरी होती, त्या काळात, १९५१ साली, त्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ते रंगमंचावर आणले. गण, गवळण, बतावणी हा ऐवज चांगल्या घरच्या मुलामुलींनी सादर केला. तमाशा चांगला की वाईट यावर कोणी परिसंवाद घेतला नाही. लोक आधी हसले, आणि हसल्यावर नाक मुरडायचे राहूनच गेले.

१९६१ साली ‘बटाट्याची चाळ’चे प्रयोग सुरू झाले. रंगमंचावर एकटा माणूस आणि अख्खी चाळ उभी! हा विनोद टिकला याचे कारण मला असे वाटते, की पु. ल. ज्यांना हसले ती माणसे त्यांना आवडत होती. बेळगावचे रावसाहेब आठवा. बोलताना दर वाक्याला शिवी, आणि गाणे म्हटले की जीव टाकणार. ‘गणगोत’मधले ते व्यक्तिचित्र वाचताना आपण हसतो आणि शेवटी गप्प होतो. विनोद आणि संगीत या दोन आवडी तिथे वेगळ्या काढता येत नाहीत.

संगीतावर त्यांनी लिहिले तेही शास्त्रकाराच्या पवित्र्याने नव्हे. त्यांचे बालपण १९२० आणि ३० च्या दशकातले. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव ओसरत होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि संगीत नाटकाची थिएटरे बघता बघता सिनेमाकडे गेली. गंमत अशी, की त्या बोलपटाचे नायक होते गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी एक आणि आपल्याकडचे नामांकित पेटीवादक! बालगंधर्वांचा तो मावळता उजेड ज्यांनी डोळ्यांत साठवला, त्या शेवटच्या पिढीतले पु. ल. त्या आठवणीचे त्यांनी नुसते उसासे टाकले नाहीत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभे राहत असताना त्यांनी त्यात मन घातले. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जयंतीला, ते सुरू झाले. स्वतः बालगंधर्व मात्र ते पाहायला उरले नव्हते. १९६७ मध्येच ते गेले होते.

मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे ही नावे आज कोणालाही ठाऊक आहेत. पण ज्यांना राग ओळखता येत नाही अशा हजारो मराठी घरांत ती नावे आपुलकीने घेतली गेली, त्यात पु. लं.च्या लेखणीचा आणि जिभेचा वाटा मोठा आहे. वसंतरावांच्या मैफलीत ते स्वतः पेटीला बसत. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच मुळी ‘गुण गाईन आवडी’. ते तुकोबांच्या अभंगातून घेतलेले आहे, हे सांगायला नकोच. दुसऱ्याचे गुण गाणे हे कर्तव्य म्हणून नव्हे, आवडीने करायचे!

आता प्रवास. १९५८ साली दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी त्यांना लंडनला बीबीसीत पाठवण्यात आले. पुढे फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी झाली. परकीय चलन मोजून मापून मिळण्याचे ते दिवस. विलायत म्हणजे बॅरिस्टरांनी आणि डॉक्टरांनी जायची जागा. १९६० मध्ये ‘अपूर्वाई’ आली आणि गिरगावातला कारकूनही पॅरिसच्या रस्त्यावर फिरून आला. त्या आधी अनंत काणेकरांसारख्यांनी सुरेख प्रवासवर्णने लिहिली होती. पण पु. लं.च्या बरोबर जाताना आपला चहा, आपली भाषा, आपला संकोच, सगळे सामान बरोबर असते. १९६३ मध्ये ‘पूर्वरंग’ आले. मराठी माणसाची नजर पश्चिमेलाच लागलेली असताना या पुस्तकाने ती वळवून बालीकडे, जपानकडे नेली. रामायण-महाभारत नाचत-गात जगणारी माणसे समुद्रापलीकडे आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना कळले ते असे.

पण त्यांच्या सगळ्या प्रवासांत मला सर्वांत मोठा वाटतो तो बोलपूरचा. १९७० साल. वय पन्नास. साहित्य अकादमीचा पुरस्कार झाला होता, पद्मश्री झाली होती, नाटकांचे तिकीट मिळवायला लोक रांगा लावत होते. अशा वेळी हा गृहस्थ बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनला जाऊन विद्यार्थी होऊन राहिला. त्यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’, यांनी ‘गीतांजली’ मराठीत ‘अभंग गीतांजली’ म्हणून आणली होती. नातवाला मात्र आजोबांच्या मराठीवर भागवायचे नव्हते, मूळ चव घ्यायची होती. त्या वास्तव्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक झाले. आवडत्या गोष्टीसाठी पन्नाशीत पुन्हा अ, आ गिरवणे, ही आवडीची खरी परीक्षा. नुसते वाहवा म्हणायला काय लागते?

पु. लं.वर टीकाही झाली, आणि ती विसरू नये. त्यांचे जग पांढरपेशांचे, त्यांचा ओढा गेलेल्या दिवसांकडे, असे म्हणणारे होते. त्यात तथ्य आहेच. पण त्याच पु. लं.नी १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आल्यावर त्याचे मनापासून स्वागत केले. ज्या घरांत तोवर दलित लेखकाचे पुस्तक शिरले नव्हते, तिथे ते शिरले. पु. लं.ना आवडले म्हणजे वाचायला हवे, एवढा विश्वास त्यांनी आधीच्या पंचवीस वर्षांत कमावला होता. तो योग्य जागी खर्चही केला.

आणि या सगळ्या हौसेमागे हिशोबाची वही सांभाळणारे एक माणूस होते, सुनीताबाई. बोरकर-मर्ढेकरांच्या कवितावाचनात त्या बरोबरीने उभ्या राहिल्या. पुस्तकांचा, प्रयोगांचा पैसा प्रतिष्ठानाकडे वळला आणि तिथून किती तरी चांगल्या कामांकडे गेला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र हे त्यातले एक. १९९० साली आलेल्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये सुनीताबाईंनी या संसाराची दुसरी बाजूही स्पष्ट लिहिली. एकाची आवड जोपासायला दुसऱ्याचे किती कष्ट लागतात, हे समजून घ्यायचे तर ते पुस्तक वाचायला हवे.

१२ जून २००० रोजी पु. ल. गेले. आज आपल्याला आवडीच्या गोष्टींची वाण नाही. खिशातल्या फोनमध्ये भीमसेन आहेत, चॅप्लिन आहे, पॅरिसही आहे. पेटीवर बंदी नाही आणि सिलोनसाठी कळ फिरवत बसायला नको. पण कानात बोंडे घालून प्रत्येक जण आपापले ऐकतो. शेजारच्याला काय आवडते हे आपल्याला ठाऊक नसते, आणि विचारायची सवयही गेली. पूर्वी एक रेडिओ आणि दहा कान होते. त्यात भांडणे होत, पण त्या भांडणांतच कोणाला तरी कुमार गंधर्व आवडू लागत.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर एक जपानी धाटणीची बाग आहे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेली. पाणी, छोटे पूल, हिरवळीच्या लाटा. तिला नाव दिले आहे पु. ल. देशपांडे उद्यान. कधी गेलात, तर एकटे जाऊ नका. घरातल्या एखाद्या पोराला बरोबर न्या, पुलावर उभे राहून त्याला तुमच्या आवडीचे एखादे गाणे सांगा, आणि मग त्याला विचारा, तुला काय आवडते रे? त्याने सांगितलेले आपल्याला नाही आवडले तरी चालेल. ऐकून मात्र घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)