शब्दवेध : दप्तर

मुलाच्या पाठीवर असते ते दप्तर आणि कचेरीत कागद राहतात तेही दप्तर. शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत, म्हणून पुढे नोंदवहीलाच ते नाव पडले. (घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचे ‘डिप्थेरिया’ हे नावही याच मुळाचे.)

पुण्यातले पेशवे दप्तर पाहावे. मोडी कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधलेले; गावचा वसूल, देवस्थानाचे इनाम, फौजेचा खर्च, सारे कारकुनांनी नेमाने टिपलेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. नोकरशाहीचे बळ ते हेच. अधिकारी बदलतो, नोंद राहते. ज्याची वर ओळखदेख नाही, त्याला त्या नोंदीचाच काय तो आधार.

पण याच शब्दाला मराठीने ‘दिरंगाई’ जोडली, तीही फारसीच. एकाच अर्जावर प्रत्येक टेबलावर नवा शेरा पडतो, निर्णय मात्र कोणीच घेत नाही. ज्याचे पेन्शन अडते, त्याची चूल अडते. हा निव्वळ अन्याय आहे. महाराष्ट्राने त्यावर २००५चा दप्तर दिरंगाई कायदा केला. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये, असे त्यात म्हटले आहे.

तेव्हा अर्ज दिलात की पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा आणि मुदत उलटली की या कायद्याचे नाव घेऊन लेखी विचारा.