बेस क्लॉक १०६

शनिवार, १२ मे २०१२. संध्याकाळी ७ वाजता. अजून २१ तास.

लग्न आटोपून आम्ही दोघे भाऊ सांगलीच्या गाळ्यावर आलो तेव्हा धाकट्याच्या पाऊचमध्ये ३२ जीबीची तीन कार्डं होती. पहिल्यावर हळद, दुसऱ्यावर अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत सगळं, तिसऱ्यावर पंगती आणि पाठवणी. एकेका कार्डावर जवळजवळ तीन तासांचं शूटिंग. रविवारी रात्री रिसेप्शनला वीस मिनिटांची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची, असा शब्द मी मुलीच्या वडिलांना दिला होता. रंग सुधारून, आवाज साफ करून रेंडर टाकायचा म्हणजे आमच्या मशीनला साडेचार तास लागायचे, आणि ऐन लग्नसराईत एवढे तास आणायचे कुठून?

मशीनमध्ये इंटेलचा आय५-२५००के होता. चार कोअर, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. नावाच्या शेवटी ‘के’ म्हणजे मल्टिप्लायर खुला, वेग आपल्याला वाढवता येतो. मोठा टॉवर कूलर मी आदल्याच आठवड्यात बसवला होता.

रात्री ८.४५. अजून १९ तास.

बायोस उघडून मल्टिप्लायर ४५ केला. १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक गुणिले ४५, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज १.३१. विंडोज सुरू झालं, प्राइम९५ लावलं आणि चार मिनिटांत निळा पडदा. कोड १२४. या पिढीच्या प्रोसेसरवर हा कोड आला की बहुतेक वेळा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय असं समजायचं. १.३३ केलं. लोड पडल्यावर व्होल्टेज खाली बसतं ते सावरणारी लोड-लाइन कॅलिब्रेशनची सेटिंग एक पायरी वर घेतली.

व्होल्टेज ‘थोडंसंच’ वाढवलं, असं म्हणता येत नाही. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. माझी चिप आधी चारही कोअरवर ३.४ ला १.२० व्होल्टवर चालायची. ४.५ आणि १.३३ केल्यावर हिशेब सुमारे १.६ पट येतो. ती सगळी उष्णता एका नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते.

रात्री १०.३०. अजून साडेसतरा तास.

“दादा, आधी कार्डं उतरवून घेऊ का?” धाकट्याने विचारलं.

“टेस्ट चालू आहे, हात लावू नकोस.”

तो सतरंजी टाकून झोपला. त्या वेळी ‘बरं, उतरव’ म्हणालो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. मशीन तेव्हा खरंच ठीक होतं.

रात्री १.१५. अजून पावणेपंधरा तास.

प्राइम९५ दोन तास विनाचूक चाललं. तापमान ७४ अंश, गाळ्यात २८. हा प्रोग्राम मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी केलेला. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी अवाढव्य गणितं तो प्रोसेसरकडून करून घेतो आणि उत्तर ताडून पाहतो. गणित चुकलं तर चुकलं, तिथे गयावया चालत नाही. म्हणूनच त्याचा शब्द प्रमाण मानतात.

पण मी लावली होती ती ‘स्मॉल एफएफटी’ची टेस्ट. त्यातली गणितं प्रोसेसरच्या स्वतःच्या कॅशमध्ये मावतात, रॅमपर्यंत फारशी जातच नाहीत. रॅम आणि तिचा कंट्रोलर तपासायला ‘ब्लेंड’ रात्रभर लावायची असते आणि शिवाय मेमटेस्टच्या फेऱ्या करायच्या असतात. मला ते माहीत होतं. माहीत असून मी घड्याळाकडे पाहिलं आणि ‘स्टेबल’ असं वहीत लिहून टाकलं.

रात्री १.४०. अजून सव्वाचौदा तास.

इथे मी ती चूक केली जिचं नाव या लेखाला दिलं आहे. ४.५ मिळाल्यावर मन ४.७ कडे गेलं. मल्टिप्लायर ४७ करून मशीन उठेना. मग मी तो ४४ केला आणि बेस क्लॉक १०० चा १०६ केला. ४४ गुणिले १०६, ४,६६४ मेगाहर्ट्झ. व्होल्टेज १.३५. पहिल्या फटक्यात विंडोज सुरू.

मल्टिप्लायर वाढवला की फक्त कोअर पळतात. बेस क्लॉकचं तसं नाही. जुन्या मदरबोर्डांवर इतर बसेसचा वेग बांधून ठेवता यायचा. २०११ च्या सँडी ब्रिजपासून, म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या पिढीपासून, ते घड्याळ चिपसेटच्या पोटात गेलं आणि त्याच एका ठोक्यावर प्रोसेसर, रॅम, पीसीआय एक्स्प्रेस, हार्ड डिस्कचा साटा कंट्रोलर, सगळी चालू लागली. १०६ केलं म्हणजे १६०० ची माझी रॅम १,६९६ वर गेली, तेही त्याच टायमिंगवर आणि त्याच दीड व्होल्टवर. आणि डिस्कशी बोलणारा कंट्रोलर सहा टक्के जास्त घाईने बोलू लागला, जो वेग कोणी त्याला कधी दिलेलाच नव्हता. चार-पाच टक्क्यांच्या पुढे या पिढीत पाय टाकू नये, हे ओव्हरक्लॉक करणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

रात्री २.२०. अजून पावणेचौदा तास.

धाकट्याला उठवलं. त्याने एकेक कार्ड रीडरमध्ये घालून डिस्कवर कॉपी केलं.

पहाटे ३.२५. अजून साडेबारा तास.

विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये एक ओळ उमटली. इव्हेंट १२९: स्टोरेज पोर्टला रीसेट दिला. म्हणजे डिस्क हाकेला ओ देईना, म्हणून विंडोजने तिला हलवून जागं केलं. कॉपीची हिरवी पट्टी क्षणभर अडखळली असेल, पुन्हा पुढे गेली. ही ओळ मी मंगळवारी वाचली.

केबलवरून जाताना बिघडलेला डेटा साटा ओळखतो. प्रत्येक खेपेसोबत पडताळणीचा आकडा जातो, जुळला नाही तर पुन्हा पाठवतात. पण डेटा रॅममध्येच बिघडला, एखादा बिट शून्याचा एक झाला, तर पडताळणीचा आकडा त्या बिघडलेल्या डेटावरच काढला जातो. चुकीचा माल खऱ्या शिक्क्यासह गोदामात जातो. माझ्या घरगुती रॅमला ही चूक धरता येत नव्हती, ती सोय सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये असते.

“दादा, कॉपी झाली. कार्डं रिकामी करू? सकाळी मिरजेचं लग्न आहे.”

“कर.”

मी मान वर केली नाही. कार्डावरची फाइल आणि डिस्कवरची फाइल यांचा एमडी५, म्हणजे पडताळणीचा आकडा, ताडून बघायला कॉपीइतकाच वेळ लागला असता.

रविवार, सकाळी ९.१०. अजून सात तास.

धाकटा कार्डं घेऊन मिरजेला गेला. मी एडिटिंगला बसलो. अकराव्या क्लिपमध्ये नवरीच्या मामांच्या चेहऱ्यावर दोन सेकंद हिरवे चौकोन आले. कार्डाचा दोष असेल म्हणून तेवढा तुकडा कापला.

दुपारी १२.४०. अजून साडेतीन तास.

लाईट गेली. मशीन यूपीएसवर, पंखा बंद. गाळ्यावर पत्रा, आत ३९ अंश. कोअर ८७ वर. तीच चिप, तोच वेग, पण गरम झाली की तिला तेवढ्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं. मी परीक्षा घेतली रात्रीच्या गारव्यात आणि काम लावलं मे महिन्याच्या दुपारी. रेंडर ३१ टक्क्यांवर बंद पडला. पुन्हा लावला, १८ वर पडला. धाकट्याचा फोन आला, त्याला सांगितलं.

“दादा, नेहमीच्या सेटिंगवर टाक की परत.”

“एवढा रेंडर होऊ दे.”

दुपारी ३.५२. १२ मिनिटं.

निळा पडदा. मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. वेग तोच, १०६.

दुपारी ४.०४.

काळ्या पडद्यावर विंडोजने सांगितलं की डिस्क तपासावी लागेल, नको असेल तर दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा. दहा. नऊ. आठ. मी घाम पुसत होतो. आकडे उतरताना पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, बरं झालं, दुरुस्त तरी होईल.

चेकडिस्क डिस्कवरच्या फायलींची मुख्य यादी रॅममध्ये वाचते, तिथे ताडून पाहते आणि तिला जे चुकीचं दिसतं ते डिस्कवर बदलून टाकते. ती वाचत होती १,६९६ वर अडखळणाऱ्या रॅममधून, लिहीत होती वेगाने पळवलेल्या कंट्रोलरमधून. काही नोंदी रात्रीच मोडल्या होत्या. ज्या शाबूत होत्या त्यातल्याही किती तिला मोडक्या दिसल्या, हे आता कळायला मार्ग नाही. ‘इंडेक्स एंट्री डिलीट करत आहे’ ही ओळ पडद्यावर एकाखाली एक पडू लागली. माझ्या डोळ्यांसमोर फायलींची नावं जात होती. मधेच पॉवर काढावी तर आणखी वाटोळं होईल या भीतीने मी हात आवरला.

४.३१ ला ते थांबलं. लग्नाच्या फोल्डरमध्ये नऊ क्लिप उरल्या होत्या. शेजारी ‘फाउंड’ नावाचं नवं फोल्डर, त्यात नंबर टाकलेले, नाव नसलेले तुकडे. एकही उघडला नाही.

तेव्हा कुठे मी बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ सेटिंगवर नेलं. फॉरमॅट केलेल्या कार्डावरचा डेटा लगेच जात नाही, त्यावर नवीन लिहिलं जाईपर्यंत तो काढता येतो. मिरजेला फोन लावला. मागे सनई वाजत होती.

“शूटिंग थांबव. कोणतं कार्ड वापरलंस?”

“पहिलं भरलं दादा. दुसरं निम्म्यावर आलंय. तिसरं पाऊचमध्येच आहे. का रे?”

तिसऱ्यावरच्या पंगती आणि पाठवणी रिकव्हरीत पूर्ण आली. दुसऱ्याच्या उरलेल्या अर्ध्यात सप्तपदी सापडली. मंगलाष्टकं त्याच्या पहिल्या अर्ध्यात होती. संध्याकाळी सहाला मी मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील रिसेप्शनसाठी फेटा बांधून घेत होते, आणि त्यांनी मला बघून विचारलं, “आणलीत का फिल्म?”