चरबीचा निरोप: लेप्टिनची कुळकथा
सायखेड्याच्या शिवारात कांद्याची लागण वाकून होते, निंदणी उकिडवं बसून. चाळिशी-पन्नाशीत बायका सांगू लागतात, "गुडघे धरलेत." ‘वजन उतरवा’ हा सल्ला ठरलेला. भार गुडघ्यावर येतो, हे खरंच. पण मग जाड माणसांच्या बोटांचे सांधेही जास्त का धरतात? बोटांवर कुणी उभं राहत नाही.

या कोड्याचा धागा उंदरांपाशी सापडतो. 1949 साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत असे उंदीर निपजले, ज्यांचं खाणं थांबेचना. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी पुढे उंदरांच्या जोड्यांचं रक्ताभिसरण एकमेकांत जोडलं आणि ताडलं, की ‘पोट भरलं’ हा निरोप रक्तातून जातो. 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक गवसलं. निरोप्याचं नाव पडलं लेप्टिन, आणि तो बनवत होती खुद्द चरबी! तोवर तिला सगळे नुसती साठवणीची कणगी समजत.

2003 साली फ्रान्समधल्या संशोधकांना झिजलेल्या सांध्यातल्या द्रवात आणि कूर्चेत लेप्टिन आढळलं. तिथं ते दाह भडकवतं आणि कूर्चा कुरतडणारी विकरं वाढवतं. पाय ताठ करून वाटीखाली चाचपून पाहा: स्नायुबंधाच्या दोन्ही अंगांना मऊ फुगवटा लागतो. ती सांध्याच्या आतलीच चरबी. अल्बर्ट हॉफा यांनी 1904 मध्ये तिच्या दुखण्याचं वर्णन केलं होतं. तीही लेप्टिन सोडते.

2009 सालचा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. लेप्टिनचा निरोपच न पोचणारे उंदीर अतोनात लठ्ठ झाले, तरी त्यांचे गुडघे सडपातळ उंदरांपेक्षा जास्त झिजले नाहीत. म्हणजे नुसत्या ओझ्यावर खापर फोडून भागत नाही.

आपल्याकडे तर वजनकाटाही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. म्हणूनच निफाड तालुक्यातली काटक दिसणारी बाई गुडघे धरून आली, तर ‘तुमचं कुठं वजन आहे’ म्हणून तिला वाटेला लावू नये. तिच्या कंबरेलाही टेप लावून पाहावी, असं मला कळकळीनं वाटतं.