पगाराची तारीख आणि कामगाराची तब्येत

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या आरोग्याचा इतिहास बहुधा १८९६ च्या प्लेगपासून सांगितला जातो. मांडवीत सापडलेले रुग्ण, ओस पडत गेलेले शहर, पुढे १८९८ मध्ये स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि त्याने पाडलेल्या वस्त्या, असा तो क्रम असतो. त्यात आरोग्य म्हणजे जंतू, गटारे आणि हवा; आणि त्याची चिंता वाहणारे म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर व सरकारी अधिकारी. कामगार तिथे दिसतो तो रुग्ण म्हणून, नाहीतर मृतांच्या आकड्यात. पण प्लेगच्या आधी बारा वर्षे, सप्टेंबर १८८४ मध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा एक अर्ज कारखान्यांतील कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाला. कामगार चळवळीच्या इतिहासात या अर्जाला मानाचे पान मिळाले आहे. आरोग्याच्या इतिहासातही ते मिळायला हवे, कारण कशाने माणूस खंगतो आणि कशाने तगतो याचा कामगारांनी स्वतः केलेला हिशेब त्यात आहे.

अर्जात मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपणारे काम. मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जबर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय. पहिल्या तिन्ही उघडच शरीराच्या आहेत. कातणखात्यात कापसाची पूड, विणकामात सूत तुटू नये म्हणून राखलेली दमट हवा, कानठळ्या बसवणारे साचे आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभ्याने काम. रविवारीसुद्धा यंत्रे पुसायला बोलावणे असेच. उरलेल्या दोन मागण्या मात्र उद्याच्या धास्तीबद्दल आहेत. १५ तारखेची मागणी मान्य झाली असती, तरी महिन्याच्या पहिल्या दिवशी गाळलेल्या घामाचा पैसा दीड महिन्याने हाती पडला असता. म्हणजे प्रत्यक्षात तो त्याहूनही लांबत होता. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज आणि गावाकडे पैसे धाडायची ओढ. अडकलेला पगार बुडेल या भीतीने गिरणीही सोडता येत नसे. एका जबर इजेने घरची चूल विझू शकते, ही टांगती तलवार तर रोजचीच. कामगारांनी थकवा आणि धास्ती यांना एकाच अर्जात शेजारी बसवले, ही या दस्तऐवजातली खरी दृष्टी आहे.

यावर कोणी म्हणेल की मानसिक आरोग्याची आजची कल्पना आपण १८८४ च्या माणसांवर लादतो आहोत. त्यांना पैसे हवे होते, एवढेच. पण या अर्जात पगारवाढ मागितलेलीच नाही. मागितली आहे ती तारीख. रक्कम तेवढीच राहूनही ती कधी मिळणार हे ठरावे असे वाटणे, ही निश्चितपणाची मागणी आहे, आणि अनिश्चितपणा माणसाला आतून पोखरतो हे कळायला कोणत्याही शास्त्राची परिभाषा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फॅक्टरी कायद्यांमागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता, मुंबईचा स्वस्त माल त्यांना खुपत होता, आणि म्हणून इथल्या अनेक राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी या कायद्यांना विरोध केला. हा स्वार्थ खराच होता. मात्र परक्याच्या स्वार्थाने दार किलकिले झाले म्हणून आत शिरणाऱ्याची गरज खोटी ठरत नाही. शिवाय १८८१ च्या कायद्याने संरक्षण दिले ते प्रामुख्याने मुलांना. प्रौढ कामगारांच्या तासांना तो शिवलाही नव्हता. प्रौढांचा प्रश्न परळच्या सभांनी पुढे रेटला. तिसरा दावा असा की कामगार अधूनमधून गावी जाई, सणावारी गिरणी बंद राही, मग विश्रांती कमी कुठे होती? पण रजेचा पगार नसेल आणि परतल्यावर जागा राहील की नाही हे मुकादमाच्या मर्जीवर असेल, तर त्या विसाव्यात स्वस्थता कुठून येणार?

या मागण्या कोणत्या क्रमाने पदरात पडल्या, तेही बोलके आहे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की केली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र विजेच्या दिव्यांनी मोडून काढली. पूर्वी अंधार पडला की साचे थांबत. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. प्रौढ पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची हद्द घालायला १९११ उजाडले. इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ चा, आणि पगार ठरावीक मुदतीत देण्याचा कायदा १९३६ चा. म्हणजे रविवार सहा वर्षांत मिळाला, पगाराच्या तारखेला बावन्न वर्षे लागली. विश्रांतीमुळे काम सुधारते हे मालकाला पटवता येत होते. कामगाराच्या निर्धास्तपणाचा असा नफा दाखवता येत नव्हता, उलट थकवलेला पगार त्याला बांधून ठेवायला उपयोगी पडे.

लोखंडे स्वतः फेब्रुवारी १८९७ मध्ये, प्लेगच्या रुग्णांसाठी धडपडताना, त्याच साथीत गेले. म्हणून जंतू आणि कोंदट खोल्यांचा इतिहास गौण ठरवण्याचे कारण नाही. तो त्यांच्याही मृत्यूचा इतिहास आहे. पण तेवढाच वाचला तर हवा, पाणी, उजेड दिले की आरोग्य दिले, असा समज होतो. १८८४ चा अर्ज त्यात भर घालतो: ज्याच्या हातात उद्याची भाकरी निश्चित नाही त्याला रविवारच्या सुट्टीतही विसावा मिळत नाही. आजही कंत्राटावर राबणाऱ्या माणसाची तब्येत मोजताना रक्तदाबाबरोबर पगाराची तारीख विचारली जात नाही. परळच्या कामगारांनी ती विचारली होती, आणि त्यांचे निदान अधिक पूर्ण होते.